पहिलं बक्षीस पाच फ्रँकचं

जून २०१७ मध्ये नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ‘रेस ॲक्रॉस अमेरिका’ ही शर्यत एकट्याने पूर्ण केली. पॅसिफिक किनाऱ्यावरच्या ओशनसाइडहून निघून वाळवंट, रॉकी पर्वत, कॅन्ससची वाऱ्याने झोडपलेली सपाटी आणि ॲपलाचियन डोंगररांगा ओलांडत अटलांटिककडच्या ॲनापोलिसला पोहोचायचं, अशी ही सुमारे ४८०० किलोमीटरची वाट. एकट्या स्पर्धकाला मुदत बारा दिवसांची. समर्थांना ११ दिवस २१ तास ११ मिनिटं लागली, म्हणजे मुदत संपायला तीन तासही उरले नव्हते. त्यांच्या काही तास आधी, ११ दिवस १८ तास ४५ मिनिटांत, सैन्यातले डॉक्टर लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ पोहोचले होते. ही शर्यत एकट्याने पूर्ण करणारे ते पहिले भारतीय, आणि त्या वेळी ते नाशिकला होते. त्याआधी दोन वर्षं, २०१५ मध्ये, नाशिकच्याच डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांच्या गटात हीच शर्यत पार केली होती. तिन्ही वेळा वर्तमानपत्रांनी जिद्दीचं भरभरून कौतुक केलं आणि ते योग्यच होतं. पण कौतुकाच्या भरात एक साधा प्रश्न मागे राहिला. बारा दिवस जवळपास न झोपता सायकल मारण्याचा दम ज्या मातीत आहे, तिथून रस्त्यावरच्या नेहमीच्या शर्यतीत, शंभर-दीडशे स्वारांच्या घोळक्यात, जगाशी टक्कर देणारा एकही सायकलपटू आजवर का निघाला नाही? या प्रश्नाचं उत्तर शोधायला दोन महायुद्धांच्या मधल्या बेल्जियमकडे पाहावं लागतं. तिथली हकीकत नीट वाचली की लक्षात येतं, विजेता जिद्दीने घडतो हे अर्धंच खरं आहे. घराजवळ भरणाऱ्या, हरलं तरी चालेल अशा, छोट्या बक्षिसाच्या पुष्कळ शर्यती असतील तर जिद्दीला वाट मिळते. नसतील तर ती एखाद-दुसऱ्या असामान्य माणसापाशीच थांबते.

आधी बेल्जियमचा हिशेब. १९१९ ते १९३९ या काळात टूर दे फ्रान्स एकवीस वेळा झाली. त्यातल्या नऊ शर्यती बेल्जियमच्या सायकलपटूंनी जिंकल्या. यजमान फ्रान्सला सात, इटलीला तीन आणि लक्झेंबर्गला दोन मिळाल्या. पहिल्या महायुद्धाआधीच्या तीन धरल्या तर १९१२ ते १९२२ या काळात झालेल्या सलग सात टूर एकट्या बेल्जियमच्या नावावर आहेत. या देशाचं क्षेत्रफळ विदर्भाच्या जेमतेम एक तृतीयांश. लोकसंख्या त्या काळी ऐंशी लाखांच्या आसपास. १९१४ ते १९१८ ही चार वर्षं जवळजवळ सगळा देश जर्मन सैन्याच्या ताब्यात होता आणि पश्चिमेकडचा काही भाग तोफांनी पार उद्ध्वस्त झाला होता. युद्ध थांबलं नोव्हेंबर १९१८ मध्ये, आणि १९१९ च्या उन्हाळ्यात फिर्मां लाम्बो हा बेल्जियन टूर जिंकून मोकळा झाला. एवढ्या लहानशा आणि युद्धाने खचलेल्या देशाकडे असं काय होतं, जे मोठ्या आणि सुस्थितीतल्या देशांकडे नव्हतं?

त्या काळची टूर कशी होती हे जाणल्याशिवाय या प्रश्नाचं वजन कळत नाही. १९२६ ची टूर आजवरची सर्वांत लांब टूर आहे. ५७४५ किलोमीटर, आणि त्याचे फक्त सतरा टप्पे, म्हणजे एका टप्प्याला सरासरी ३३८ किलोमीटर. ६ जुलैला बायोन ते ल्युशों हा ३२६ किलोमीटरचा टप्पा होता. ओबिस्क, तुर्माले, आस्पां आणि पेरसूर्द हे पिरेनीज पर्वतातले चार घाट एकाच दिवसात चढायचे. स्पर्धक मध्यरात्रीनंतर अंधारातच निघाले आणि पाऊस सुरू झाला. घाटातले रस्ते तेव्हा डांबरी नव्हते, त्यांचा चिखल झाला. वर गेल्यावर थंडी एवढी की बोटांना ब्रेक दाबता येईना. गिअर बदलायची आजच्यासारखी सोय नव्हती. मागच्या चाकाला दोन बाजूंना दोन वेगवेगळ्या दातांची चक्रं असत. चढाच्या पायथ्याशी उतरायचं, चाक काढायचं, उलटं फिरवून बसवायचं आणि मग चढायला लागायचं, माथ्यावर पुन्हा तोच खटाटोप. जादा टायर खांद्यावरून छातीवर आडवे गुंडाळलेले. पंक्चर झालं तर स्वतः काढायचं, दुसऱ्याची मदत घेतली तर दंड. त्या दिवशी ल्युसियन बाउस हा तेहेतीस वर्षांचा बेल्जियन १७ तास १२ मिनिटांत पहिला आला. दुसऱ्याला यायला त्यानंतर पंचवीस मिनिटं लागली. रात्र झाली तरी कितीतरी जण पोहोचले नव्हते. आयोजकांना डोंगरात मोटारी पाठवून त्यांचा शोध घ्यावा लागला आणि शर्यतीत राहण्यासाठीची वेळेची अट सैल करावी लागली. टूर सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत बाउसला त्याच्या लहान मुलीच्या मृत्यूची बातमी कळली होती. घरच्यांनीच त्याला पुढे जायला सांगितलं. पॅरिसला तो दुसऱ्या क्रमांकाच्या स्वारापेक्षा तासाहून अधिक वेळ पुढे राहून जिंकला.

हा तपशील समर्थांच्या शर्यतीशेजारी ठेवला की एक नातं दिसतं. बाउसचा त्या दिवशीचा वेग ताशी एकोणीस किलोमीटरच्या आसपास येतो. समर्थांचा, झोप-जेवण-विश्रांती सगळं धरून, ताशी सतराच्या आसपास. आजच्या टूरमधले स्वार सपाटीवर ताशी चाळीस-पंचेचाळीसच्या वेगाने जातात, टप्पे दीडशे-दोनशे किलोमीटरचे असतात आणि मागे सुट्या चाकांनी भरलेल्या गाड्या धावतात. म्हणजे दोन युद्धांमधल्या बेल्जियन सायकलपटूचा खरा वारस शोधायचा, तर तो आजच्या टूरपेक्षा अतिदीर्घ पल्ल्याच्या शर्यतींत अधिक सापडतो. फरक एवढाच की बाउसला मदत घ्यायची बंदी होती, तर अमेरिकेच्या शर्यतीत मागून सहाय्यक चमूची गाडी हवीच असते. स्वाराला खाऊ घालणं, झोपवणं, उठवणं, वाट दाखवणं ही त्या चमूची कामं. २०१८ मध्ये समर्थांनी मॉस्को ते व्लादिवोस्तोक ही सुमारे ९१०० किलोमीटरची सैबेरियाची शर्यतही पूर्ण केली. पंधरा टप्प्यांच्या त्या शर्यतीतला सर्वांत लांब टप्पा १३०० किलोमीटरहून मोठा होता. सहनशक्तीच्या बाबतीत नागपूर बेल्जियमपेक्षा उणं नाही, हे एवढ्यावरून सिद्ध झालं असं मानायला हरकत नसावी. म्हणून उणीव शोधायची तर माणसाबाहेर शोधायला हवी.

बाउसचीच कारकीर्द पाहा. १९२६ चा तो पराक्रम आकाशातून पडला नव्हता. त्याचा थोरला भाऊ मार्सेल १९१३ च्या टूरमध्ये सहा टप्पे जिंकून एकूण तिसरा आला होता, आणि १९१४ ची ‘टूर ऑफ फ्लँडर्स’ ही शर्यत त्याने जिंकली होती. धाकटा भाऊ ज्यूल १९२६ च्या त्याच टूरमध्ये पहिला टप्पा जिंकला. खुद्द ल्युसियन त्याआधी इटलीच्या ओत्ताव्हियो बोतेक्कियाचा साथीदार म्हणून धावत असे. मुख्य स्वाराच्या पुढे राहून वारा अडवायचा, तो मागे पडला तर थांबायचं, असं ते काम. १९२५ च्या टूरमध्ये बोतेक्किया पहिला आणि ल्युसियन दुसरा आला. घरात भाऊ, पाठीशी सायकल कारखान्याचा पगारी संघ आणि पुढ्यात वर्षानुवर्षं जवळून पाहिलेला विजेता. पिरेनीजच्या त्या पावसात तो एकटा पुढे गेला खरा, पण तिथवर त्याला पुष्कळ हातांनी आणलं होतं.

त्याहून बोलकं उदाहरण फ्लोरेन या छोट्या गावाचं. १९१९ आणि १९२२ ची टूर जिंकणारा लाम्बो इथला. मधली १९२१ ची टूर जिंकणारा लेऑन सिअरही इथलाच. लाम्बो खोगिरं बनवणारा कारागीर होता आणि दिवसाचे बारा तास राबायचा. सतराव्या वर्षी त्याने सायकल घेतली ती कामावर जाण्यायेण्यासाठी. रोजचं अंतर पन्नासेक किलोमीटर भरायचं. मग शेजारच्या गावात एक शर्यत होती, तीत तो उतरला आणि जिंकला. बक्षीस पाच फ्रँक. पुढे दोनदा टूर जिंकणाऱ्या आणि दुसऱ्यांदा जिंकताना छत्तिसाव्या वर्षी त्या शर्यतीचा आजवरचा सर्वांत वयस्क विजेता ठरलेल्या माणसाची सुरुवात ही अशी. सिअर काचकामगार होता. त्याला बाविसाव्या वर्षापर्यंत सायकल चालवता येत नव्हती, त्याला ती शिकवली लाम्बोने. हाच सिअर पुढे टूरमध्ये मोडलेलं चाक पाठीला बांधून तीनशे किलोमीटर गेला, कारण चाक दुरुस्त होण्यासारखं नव्हतं हे पंचांना दाखवावं लागे. पाच फ्रँकची ती गावची शर्यत झाली नसती तर लाम्बो आयुष्यभर सायकलवरून कामाला जाणारा खोगीरवाला राहिला असता, आणि लाम्बो शेजारी नसता तर सिअर सायकलवर बसलाच नसता.

अशी शर्यत बेल्जियमच्या जवळजवळ प्रत्येक गावात होई. तिकडे गावजत्रेला कर्मेस म्हणतात. जत्रेच्या दिवशी गावाभोवतीच्या रस्त्याचा वळसा ठरवायचा आणि त्याला दहा-वीस फेऱ्या मारायच्या. लोक दारात उभं राहून तोच स्वार पुन्हा पुन्हा जाताना पाहतात, दुकानदार मधल्या फेरीला बक्षीस लावतात. आजही तिथल्या उन्हाळ्यात या शर्यतींची रांग लागते. विदर्भाच्या वाचकाला हे समजायला वेळ लागू नये, कारण आपल्याकडे शंकरपट आणि कुस्तीची दंगल याच रीतीने भरते. तळेगाव दशासरच्या पटाला किंवा एखाद्या गावच्या यात्रेतल्या दंगलीला जो माणूस येतो, तो एकाच वेळी प्रेक्षक, पारखी आणि आश्रयदाता असतो. कोणाची जोडी कशी सुटली, कोणता पोरगा पुढच्या वर्षी भारी पडेल, हे त्याला कळतं आणि तो ते चारचौघांत बोलतो. बेल्जियममध्ये सायकलीला नेमकं हेच लाभलं. त्यावर वर्तमानपत्रांनी कळस चढवला. फ्रान्समधली टूर १९०३ मध्ये ‘लोतो’ या क्रीडा दैनिकाने खप वाढवण्यासाठी सुरू केली होती. बेल्जियममध्ये ‘स्पोर्टवेरेल्ड’ या पत्राच्या कारेल व्हान वायनेनडाले या पत्रकाराने १९१३ मध्ये टूर ऑफ फ्लँडर्स सुरू केली. तो स्वतः गरीब, मोठ्या कुटुंबातला, आणि फ्लेमिश शेतमजुरांच्या पोरांची नावं त्याने त्यांच्याच भाषेत घरोघर पोहोचवली. हिवाळ्यात बंदिस्त लाकडी ट्रॅकवर शर्यती होत आणि तिथे नामवंतांना हजेरीचे पैसे मिळत. म्हणजे गावच्या जत्रेतले पाच फ्रँक, जिल्ह्यातलं नाव, कारखान्याचा पगारी संघ, मग टूर, आणि टूर संपली की पुन्हा गावोगावच्या शर्यतींत मानधन. पायरीला पायरी लागून होती. १९३६ आणि १९३९ ची टूर जिंकणारा सिल्व्हेर मास काय, किंवा १९३५ मध्ये पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत आघाडीची पिवळी जर्सी न सोडणारा चौदा भावंडांतला रोमां मास काय, हे दोघंही पश्चिम फ्लँडर्सच्या खेड्यांतून याच जिन्याने वर आले. आडनाव एक असलं तरी दोघांचं नातं नव्हतं, गावं मात्र एकमेकांपासून फार लांब नव्हती.

इथे एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. कुस्तीला आपल्याकडे हा जिना आहेच की. तालीम आहे, यात्रा आहे, फेटे आणि इनाम आहेत, १९६१ पासून महाराष्ट्र केसरी आहे. तरीही १९५२ मध्ये हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी मिळवलेल्या कांस्यपदकानंतर महाराष्ट्राच्या मल्लाला ऑलिंपिकचं पदक मिळालेलं नाही. मग जत्रेच्या पायऱ्यांनी काय साधलं? उत्तर असं की पायऱ्यांनी त्यांचं काम चोख केलं. महाराष्ट्राने पिढ्यानपिढ्या उत्तम मल्ल दिले. अडचण वरच्या टोकाला आली. गावची कुस्ती लाल मातीत राहिली आणि जगाची कुस्ती मॅटवर गेली. दोन्हींचे नियम, वेळ आणि गुण यांत अंतर पडलं, आणि मातीतल्या विजेत्याला वर जायचं तर सगळं नव्याने शिकणं आलं. बेल्जियममध्ये असा तुटकपणा नव्हता. जत्रेतली शर्यत आणि टूर यांत अंतर आणि वेग यांचा फरक होता, खेळ मात्र तोच होता. जत्रेत पंचवीस जणांच्या घोळक्यात कोपर लागू न देता वळण घेता येऊ लागलं की तेच कसब पॅरिसपर्यंत उपयोगी पडे. त्यामुळे जिना जमिनीपासून सुरू व्हायला हवा आणि माडीपर्यंत पोहोचायलाही हवा. कुस्तीच्या अनुभवातून सायकलने हा धडा घ्यावा.

दुसरा आक्षेप याहून सरळ आहे. समर्थ, गोकुळनाथ आणि महाजन बंधू तर कोणत्याही जत्रेतून आले नाहीत, मग जिन्याची गरज कुठे राहिली? इथेच थोडं बारकाईने पाहायला हवं, कारण अतिदीर्घ पल्ल्याच्या सायकलिंगला आपल्याकडे गेल्या काही वर्षांत जिना मिळालेला आहे. फ्रान्समधून आलेली ‘ब्रेव्हे’ ही पद्धत आज देशातल्या कितीतरी शहरांत रुजली आहे. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत, ६०० चाळीस तासांत पूर्ण करायचे. हातात एक कार्ड असतं, ठरलेल्या ठिकाणी त्यावर शिक्का किंवा नोंद घ्यायची. यात क्रमांक नसतो, फक्त वेळेत पोहोचायचं असतं, त्यामुळे चाळिशीतला बँक कर्मचारीही उतरतो. चारही अंतरं एका हंगामात केली की मान मिळतो आणि पुढचं दार उघडतं. पुण्याहून गोव्याला जाणारी सुमारे ६४० किलोमीटरची ‘डेक्कन क्लिफहँगर’ ही शर्यत ठरलेल्या वेळेत पूर्ण केली तर अमेरिकेच्या शर्यतीसाठी पात्रता मिळते. म्हणजे रविवारी पहाटे निघणाऱ्या २०० किलोमीटरच्या फेरीपासून ॲनापोलिसपर्यंत पायऱ्या लागलेल्या आहेत. नाशिकमध्ये तर फ्लोरेनसारखं शेजारही जमलं. सायकलप्रेमींची संघटना उभी राहिली, दोन भाऊ आधी जाऊन आले आणि दोनच वर्षांत त्याच शहरातून पुढचा गेला. ज्या प्रकाराला जिना मिळाला त्या प्रकारात आपल्याला नाव काढणारे सायकलपटू मिळाले. हा आक्षेप तपासून पाहिला तर तो मूळ मुद्द्याला बळच देतो.

पण या जिन्याच्या पहिल्या पायरीवर कोण चढू शकतं? समर्थ डॉक्टर, महाजन बंधू डॉक्टर, गोकुळनाथ सैन्यातले डॉक्टर. यात त्यांचं श्रेय तसूभरही कमी होत नाही. मात्र रात्रभर रस्त्यावर राहायला सुटी लागते, चांगली सायकल लागते, आणि परदेशातल्या शर्यतीला चमू, गाड्या, प्रवास यांचा खर्च उचलावा लागतो. त्यात बक्षीस म्हणून हाती फारसं काही पडत नाही. लाम्बोसारखा खोगीरवाला किंवा सिअरसारखा काचकामगार या वाटेने येऊ शकत नाही. रस्त्यावरच्या नेहमीच्या शर्यतीचा जिना मात्र आपल्याकडे जागोजागी मोडका आहे. मुंबई–पुणे सायकल शर्यत महाराष्ट्राच्या कितीतरी पिढ्यांना ठाऊक आहे. बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला मिळणारा ‘घाटाचा राजा’ हा किताब आजही कानाला भारदस्त वाटतो. तरी ती वर्षातून एकदा होणारी शर्यत. मधल्या अकरा महिन्यांत विदर्भातल्या सोळा वर्षांच्या मुलाने घोळक्यात सायकल चालवायला शिकायचं कुठे? पुढच्याच्या मागच्या चाकापासून वीतभर अंतर ठेवून वारा चुकवणं, वळणावर आतली बाजू पकडणं, कोण कधी सुटणार हे ओळखणं, या गोष्टी घरी ट्रेनरवर बसून येत नाहीत. त्या फक्त शर्यतीत येतात, आणि पन्नास शर्यती हरल्यावर येतात. २०२६ साठी पुण्याच्या बहुटप्पी शर्यतीला आंतरराष्ट्रीय सायकल संघाच्या वेळापत्रकात जागा मिळाली, हे आनंदाचं आहे. मात्र ती माडी झाली. खालच्या पायऱ्या नसतील तर अशा शर्यतीत आपली पोरं पाहुण्यांसारखी दिसतील.

रस्ते, ऊन आणि रहदारी हा तिसरा आक्षेप. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या वर जाणाऱ्या नागपुरात सायकल शर्यती घ्यायच्या कशा, असं विचारलं जातं. उन्हाचा प्रश्न आहे, पण तो वर्षातले तीन महिने आहे. ऑक्टोबर ते फेब्रुवारीची पहाट सायकलसाठी याहून चांगली कुठे मिळणार? आणि बेल्जियमचे रस्ते तरी कुठे गुळगुळीत होते? दगडी फरसबंदी, वर्षातले कित्येक महिने पाऊस, समुद्राकडून येणारा आडवा वारा आणि युद्धानंतर तोफगोळ्यांचे खड्डे. त्या वाईट रस्त्यांनीच बेल्जियन स्वारांना कणखर केलं, असं तिथले लोक अभिमानाने सांगतात. रहदारीचा धोका मात्र त्या काळच्या फ्लँडर्समध्ये आजच्याइतका नव्हता, हे मान्य करायलाच हवं. म्हणून खुल्या रस्त्यावर मुलांना सोडून चालणार नाही. दोन-तीन तास बंद ठेवता येईल असा छोटा वळसा हवा, आणि कर्मेसची रीत नेमकी त्यासाठीच कामाची आहे. पाच किलोमीटरचा वळसा पहाटे सहा ते आठ बंद ठेवायला महामार्ग अडवावा लागत नाही. नागपूरला समृद्धी महामार्गाचा मोठा अभिमान आहे, पण त्यावर सायकलीला मनाई आहे आणि वेग पाहता ती असायलाच हवी. मोठा रस्ता सायकलीच्या उपयोगाचा नसतो. गल्लीपेक्षा रुंद आणि महामार्गापेक्षा अरुंद असा रस्ता तिला लागतो.

पैशाचा आक्षेप सर्वांत खरा. शर्यतीची कार्बनची सायकल आज लाखांच्या घरात जाते. लाम्बोने पहिली शर्यत जिंकली ती कामावर जाण्याच्या सायकलने, हे इथे लक्षात घ्यावं. पहिली पायरी साध्या सायकलचीच असावी आणि सगळ्यांना तसलीच सायकल असावी, म्हणजे बापाच्या खिशापेक्षा पोराचे पाय मोजले जातील. अशा सायकली घरोघरी आहेत. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून शाळा लांब असलेल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली दिल्या जातात, आणि त्या मुली रोज कित्येक किलोमीटर त्यावर जातात. बर्मिंगहॅमच्या २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ट्रॅकवर धावलेल्या भारतीय महिला संघात महाराष्ट्राच्या मयूरी लुटे होत्या आणि भंडारा जिल्ह्यातल्या सुशिकला आगाशे होत्या. भंडारा नागपूरपासून तासा-दीड तासाच्या वाटेवर. धानाच्या त्या पट्ट्यातून भारताची सायकलपटू येऊ शकते, तर नागपूरच्या शहराबाहेरच्या वस्त्यांतून का येऊ नये? आगाशे आणि लुटे यांनी वाट दाखवली, आता ती एकेका मुलीच्या नशिबावर न सोडता रुळलेली व्हायला हवी.

दक्षिण नागपुरात हुडकेश्वर, पिपळा, नरसाळा, बेसा हा पट्टा अशा सुरुवातीला साजेसा आहे. एकेकाळची ही गावं, आता शहराला लागून वाढलेल्या वस्त्या. नवे रस्ते आहेत, पहाटे रहदारी कमी असते, शाळा आणि शिकवणी वर्गांना सायकलवर जाणारी मुलं आहेत, आणि गावपण अजून पुरतं विरलेलं नाही. इथे हिवाळ्याच्या पाच महिन्यांत महिन्याला एक शर्यत भरवायला फार मोठं अंदाजपत्रक लागत नाही. पोलिसांची परवानगी, वळणावळणाला स्वयंसेवक, एक रुग्णवाहिका, हेल्मेट सक्तीचं, मुलांची आणि मुलींची वेगळी शर्यत, बक्षीस दुकानदारांनी लावलेलं आणि निकाल दुसऱ्या दिवशीच्या पेपरात नावानिशी छापलेला. शेवटचा मुद्दा कोणी किरकोळ समजू नये. स्पोर्टवेरेल्डने फ्लेमिश शेतमजुराच्या पोराचं नाव छापलं, तेव्हा गावाने त्याला खेळाडू म्हणून पाहायला सुरुवात केली. नागपूर ही तर वर्तमानपत्रांची नगरी. वरच्या टोकाला जिल्हा सायकल संघटनेने या शर्यतींतल्या पहिल्या दहांना राज्य स्पर्धेच्या निवडीत स्थान द्यावं, म्हणजे कुस्तीत पडलं तसं माती आणि मॅटचं अंतर इथे पडणार नाही. समर्थांसारखे अनुभवी लोक शहरात आहेत. लाम्बोने सिअरला शिकवलं तसं शिकवायला माणसं इथेही उपलब्ध आहेत.

एवढं करून दहा वर्षांत टूरचा विजेता निघेल असं कोणी म्हणू नये. बेल्जियमलाही पहिल्या टूरनंतर पहिला विजेता मिळायला १९१२ उजाडावं लागलं, आणि तोवर गावोगावच्या शर्यती चालूच होत्या. पण या शर्यतींचा लाभ विजेता निघण्यावर अवलंबून नाही. नियमाने शर्यती होतात त्या भागात सायकल चालवणारं पोर दिसतं, मोटारवाला जरा जपून चालवतो, सायकल दुरुस्तीचं दुकान टिकतं आणि सोळा वर्षांच्या पोराच्या अंगातल्या रगीला वाट मिळते. विजेता आला तर तो यातूनच येईल. महाराष्ट्राच्या सायकलपटूंनी अमेरिका आणि सैबेरिया पार करून आपल्या दमाचा पुरावा दिला आहे. आता त्यांच्या जिद्दीचं नुसतं कौतुक करत राहण्यापेक्षा येत्या हिवाळ्यात एका वस्तीत एक शर्यत भरवणं हा त्या पराक्रमाचा अधिक खरा सन्मान ठरेल. बक्षीस पाचशे रुपयांचं असलं तरी पुरेसं आहे.